कृषिपदवीधर क्रांतिकारक : डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे

कोणत्याही संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच ऋणस्मरणाचाही प्रसंग होय. छत्तीसगढात मराठी माणसाचे वास्तव्य आजकालचे नव्हे. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास राहून येथील कारभार पाहू लागले. तेव्हापासून आधी तलवारीच्या, मग लेखणीच्या आणि पुढे कचेरी, शाळा व रेल्वे यांच्या निमित्ताने आपली माणसे या धानाच्या मुलखात येत राहिली आणि येथलीच होऊन गेली. अशा प्रसंगी पंडित माधवराव सप्रे यांच्यासारख्या थोरांचे स्मरण आपण करतो, ते योग्यच आहे. या लेखात मात्र आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र थोडक्यात सांगणार आहोत, की ज्याचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, पण ज्याची कहाणी फारच थोड्यांना ठाऊक असते. वर्धा आणि रायपूर हे दोन्ही जिल्हे ज्या काळी नागपूर राजधानी असलेल्या एकाच मध्य प्रांतात होते, त्या काळचा हा आपल्याच प्रांताचा सुपुत्र. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे ते नाव.

हेच चरित्र निवडण्यास एक कारण आहे. रायपुरास १९६१ मध्ये कृषी महाविद्यालय निघाले आणि २० जानेवारी १९८७ रोजी इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाची स्थापना झाली. तेव्हापासून आपल्या अनेक घरांतील मुले आणि आता मुलीही बी. एस्सी. कृषीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून पदवी घेत आहेत. प्रवेश मिळाला की घरी पेढे वाटले जातात आणि लागलीच वडीलमंडळी विचारू लागतात, की पुढे काय? बँकेत कृषी अधिकाऱ्याची जागा, राज्याच्या कृषी खात्यातील परीक्षा, नाही तर आणखी कोणती स्पर्धा परीक्षा, अशी उत्तरे ठरलेली असतात. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर असून केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे फायलींच्या सहवासात घालविली आहेत. ज्यांच्या पदवीत माती, बीज आणि पाणी यांचे शास्त्र भरलेले आहे, असे बुद्धिमान तरुण आमच्या शेजारच्या मेजांवर बसून टिपणे लिहिताना आम्ही पाहिले आहेत. त्यांना कोणी दोष देऊ नये. संसार सर्वांनाच असतो. परंतु कृषीची पदवी ही मुळात कशासाठी असते, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. खानखोजे यांच्या आयुष्याने या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते आम्हांस फार मोलाचे वाटते.

खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकात वर्धा येथे एका मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबात झाला. वर्ध्यास प्राथमिक आणि नागपुरास पुढील शालेय शिक्षण झाले. त्यांच्या शाळकरी वयातच मध्य प्रांतावर दोन घोर दुष्काळ कोसळले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. त्यांतील दुसरा तो प्रसिद्ध छप्पन्नचा दुष्काळ. छत्तीसगढात धान करपले, गावेच्या गावे ओस पडली आणि १९०१ च्या शिरगणतीत या भागाची लोकसंख्या घटलेली दिसून आली. वऱ्हाड-नागपूरकडेही अन्नावाचून माणसे रस्त्यावर आली. ज्या पिढीने कोवळ्या वयात हे दृश्य पाहिले, तिच्या लेखी स्वराज्य आणि भाकरी हे दोन वेगळे प्रश्न राहिले नाहीत. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने भारलेल्या या तरुणाच्या मनात सशस्त्र क्रांतीचा विचार घर करून बसला. लष्करी शिक्षण मिळवायचे, तर ते परदेशातच मिळेल, या निश्चयाने त्यांनी १९०६ च्या सुमारास घर सोडले आणि जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन पोहोचले.

हातात पैसा नव्हता. उपाहारगृहात भांडी घासणे, फळबागांतून फळे तोडणे, शेतावर रोजंदारी करणे, अशी कामे करून तेथील हिंदी विद्यार्थी शिकत असत आणि खानखोजे यांनीही तोच मार्ग धरला. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाशी त्यांचा प्रारंभी संबंध आला. सॅन राफेल येथील माउंट तामलपाइस लष्करी अकादमीत त्यांनी इच्छिलेले युद्धशिक्षणही काही प्रमाणात मिळविले. त्यानंतर ते ऑरेगॉन राज्यातील कॉर्व्हालिस या गावच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाले आणि तेथून पुढे वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील राज्य महाविद्यालयात गेले. १९१३ च्या सुमारास त्यांचे तेथील उच्च शिक्षण पुरे झाले. ही दोन्ही महाविद्यालये आज मोठी सार्वजनिक विद्यापीठे म्हणून जगभर ओळखली जातात.

या विद्यालयांची जडणघडण येथे थोडी समजून घेतली पाहिजे, कारण तिचा धागा थेट रायपूरपर्यंत येतो. १८६२ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. त्यानुसार मध्यवर्ती सरकारने प्रत्येक राज्याला सरकारी जमीन द्यावयाची आणि तिच्या उत्पन्नातून राज्याने शेती व यंत्रविद्या शिकविणारे महाविद्यालय चालवावयाचे, असे ठरले. उच्च शिक्षण हे धर्मोपदेशक, वकील आणि वैद्य यांच्यापुरते न राहता शेतकऱ्याच्या व कारागिराच्या मुलालाही मिळावे, हा त्यामागील हेतू होता. १८८७ च्या दुसऱ्या कायद्याने अशा महाविद्यालयांना जोडून प्रयोगक्षेत्रे निघाली. म्हणजे एकाच आवारात वर्ग, प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष शेत. विद्यार्थ्याने सकाळी वनस्पतिशास्त्राचे व्याख्यान ऐकावे आणि दुपारी बाह्या सरसावून वाफ्यात उतरावे, असा तेथील रिवाज होता. आपल्याकडे त्या काळी पदवीधर होणे म्हणजे हाताला माती लागण्याच्या त्रासातून सुटणे, अशी समजूत होती. वर्ध्याहून गेलेल्या या तरुणाला तेथे दिसले ते याच्या नेमके उलट होते.

पुलमनचे आणखी एक वैशिष्ट्य सांगण्याजोगे आहे. मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या रोपांवरून शोधलेले आनुवंशिकतेचे नियम पस्तीस वर्षे विस्मृतीत पडून १९०० मध्ये युरोपात पुन्हा उजेडात आले. त्याच सुमारास पुलमन येथे विल्यम जॅस्पर स्पिलमन हे प्राध्यापक गव्हाच्या जातींचा संकर करीत असता स्वतंत्रपणे त्याच नियमांपाशी येऊन ठेपले होते. खानखोजे तेथे गेले तेव्हा स्पिलमन यांनी ते महाविद्यालय सोडले होते, परंतु संकरित गव्हाच्या कामाची परंपरा तेथे रुजलेली होती. दोन निरनिराळ्या जातींचे परागीभवन घडवून त्यांच्या संततीतून इष्ट ते निवडावे, ही विद्या तेव्हा अगदी कोवळी होती. ती खानखोजे यांनी तिच्या बाल्यावस्थेतच आत्मसात केली.

परंतु त्यांचे अर्धे चित्त अभ्यासात आणि अर्धे दुसरीकडेच होते. पोर्टलंडच्या आसपासच्या लाकूड गिरण्यांतून शेकडो पंजाबी मजूर काम करीत. त्यांच्यात खानखोजे मिसळले. पंडित काशीराम, सोहनसिंग भकना यांच्या सहवासात त्यांनी हिंदी स्वातंत्र्यासाठी मंडळी उभारली. १९१३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील हिंदी लोकांची जी संघटना निघाली आणि १ नोव्हेंबर १९१३ पासून सॅन फ्रान्सिस्कोहून ज्या संघटनेचे साप्ताहिक प्रसिद्ध होऊ लागले, ती गदर पार्टी होय. लाला हरदयाळ यांच्याकडे प्रचाराची बाजू होती, तर लष्करी बाजूच्या प्रमुखांपैकी खानखोजे हे एक होते. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे आणि पंजाबचा कोवळा कर्तारसिंग सराभा हे त्याच वर्तुळातले. हे दोघे हिंदुस्थानात परत आले, सैन्यात उठाव घडविण्याच्या प्रयत्नात पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर चढले.

खानखोजे यांच्या वाट्याला दुसरी वाट आली. पहिले महायुद्ध पेटताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. तेथील टोळ्यांच्या साहाय्याने बलुचिस्तानच्या सरहद्दीवरून हिंदुस्थानात शिरावयाचे, अशी योजना होती. लहानशी तुकडी उभी राहिली आणि चकमकीही झडल्या. पण इंग्रजांच्या बळापुढे हे साहस टिकले नाही. ते जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. वेषांतर करून त्यांनी दिवस काढले. युद्ध संपले तेव्हा सोबतीचे कित्येक लोक मारले गेले होते आणि स्वदेशाची दारे बंद होती. पुढे बर्लिन झाले. १९२१ मध्ये तेथील हिंदी क्रांतिकारकांच्या मंडळाबरोबर मॉस्कोही झाले. तेथूनही काही निष्पन्न झाले नाही. ज्या कार्यासाठी घर सोडले, ते अशा रीतीने अपयशी ठरले होते. वय चाळिशीकडे झुकलेले, जवळ ना पैसा ना पारपत्राची शाश्वती. होती ती अकरा वर्षांपूर्वी मिळविलेली आणि तोवर पोटालाही उपयोगी न पडलेली शेतीची विद्या.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत आले. हा देश त्यांनी सहज म्हणून निवडला नव्हता. अमेरिकेत असताना शेतमजुरांच्या संगतीत त्यांनी १९१० च्या मेक्सिकन क्रांतीची वार्ता ऐकली होती आणि सॅन फ्रान्सिस्को येथील मेक्सिकोचे वकील रामोन दे नेग्री यांच्याशी त्यांचा परिचय झाला होता. पुढे हेच दे नेग्री स्वदेशी शेतीमंत्री झाले. क्रांतीनंतर १९१७ च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गावकऱ्यांना वाटून देण्याचे तत्त्व मान्य केले होते. जमीन मिळत होती, पण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मळ्यावर राबलेल्या माणसाला स्वतःच्या शेताचा कारभार कोण शिकविणार? अशा देशाला खानखोजे यांच्यासारख्या माणसाची गरज होती. राजधानीजवळ चापिंगो येथे एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या जुन्या जहागिरीत राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतेच हलविण्यात आले होते. तेथे ते अध्यापक झाले.

तेथे त्यांनी जे संशोधन केले, त्याचा विषय मका. मेक्सिकोत मक्याला जे स्थान आहे, ते छत्तीसगढात धानाला आहे असे म्हटले की आपल्या वाचकांना वेगळे सांगावे लागणार नाही. मक्याच्या शेताच्या बांधावर तेओसिंते नावाचे एक रानगवत उगवते. त्याला कणीस म्हणावे असे काही नसते, मूठभर कठीण दाणे तेवढे असतात. परंतु ते मक्याचे रानटी आप्त आणि, पुढे सिद्ध झाले त्याप्रमाणे, त्याचे पूर्वज आहे. आपल्याकडे धानाच्या बांधीत करगा माजतो आणि शेतकरी तो उपटून फेकतो, किंवा तळ्याकाठी आपोआप उगवलेला पसहर तांदूळ कमरछठीच्या उपवासाला शोधून आणतात, तसेच हे नाते. खानखोजे यांनी या रानगवताचा आणि मक्याचा संकर घडवून आणला आणि नव्या वाणांची पैदास केली. गव्हाच्याही जातींवर त्यांनी काम केले. १९३० मध्ये मक्याच्या नव्या वाणांविषयी आणि १९३६ मध्ये मक्याच्या एका विलक्षण प्रकाराविषयी त्यांची स्पॅनिश पुस्तके निघाली. त्यांच्या कामाची छायाचित्रे काढणारी तीना मोदोत्ती ही पुढे जगप्रसिद्ध झाली.

तथापि, आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम प्रयोगशाळेतले नव्हे. चापिंगोच्या विद्यालयात सर्वांनाच शिकता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही. शेतकऱ्याने दिवसभर शेतात काम करावे आणि सवडीच्या वेळी शाळेत येऊन बीजनिवड, खत, कीड, पाणी यांचे ज्ञान घ्यावे, अशी व्यवस्था होती. चिकोन्कुआक या गावच्या शाळेला शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो सापाता याचे नाव देण्यात आले. अशा तीसएक शाळा निघाल्या. कॉर्व्हालिस आणि पुलमन येथे ज्या विद्येसाठी त्यांना भांडी घासावी लागली होती, ती त्यांनी येथे फुकट वाटली. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा हे या शाळांचे पाठीराखे होते. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांनी १९२८ मध्ये रंगविलेल्या एका चित्रात मेजाभोवती सामान्य माणसे बसली आहेत आणि शिरोभागी बसलेला एक पुरुष भाकरी मोडून देत आहे. तो पुरुष म्हणजे खानखोजे, असे मानले जाते. बंदुकीने राज्य उलथविण्यास निघालेल्या माणसाचे चित्र भाकरी वाटताना काढले जावे, यात फार मोठा अर्थ आहे.

१९३६ मध्ये त्यांनी जीन सिंदिक या बेल्जियन युवतीशी विवाह केला. त्यांना दोन कन्या झाल्या. संसार परदेशात फुलला, तरी मन वर्ध्या-नागपुराकडेच होते. १९४७ मध्ये स्वातंत्र्य आले. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी चाळीस वर्षे वनवास भोगला, त्या स्वतंत्र देशात येण्याची परवानगी त्यांनी मागितली, तेव्हा ती प्रथम नाकारण्यात आली, कारण इंग्रजांनी केलेल्या बंदीच्या यादीतून त्यांचे नाव कोणी काढलेलेच नव्हते! सरकारी कागद एकदा तयार झाला की राज्य बदलले तरी तो आपला अंमल चालवीत राहतो, हे आमच्यासारख्या कचेरीतल्या माणसास नवे नाही. तरी येथे मन विषण्ण झाल्यावाचून राहत नाही. अखेर बंदी उठली. १९४९ मध्ये मध्य प्रांत सरकारच्या निमंत्रणावरून प्रांताच्या शेतीविषयी सल्ला देण्यासाठी ते आले. त्या सरकारचे प्रमुख होते आपल्या रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल. पुढे १९५० च्या दशकात खानखोजे नागपुरास स्थायिक झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात आणि रायपूर नव्या मध्य प्रदेशात गेले. जुन्या मध्य प्रांताची माणसे दोन राज्यांत वाटली गेली आणि कदाचित त्यामुळेच खानखोजे यांचे नाव आपल्याकडे पुसट होत गेले.

उतारवयात त्यांच्या वाट्याला मोठा मान वा अधिकार आला नाही. १९६६ मध्ये भारताने अन्नटंचाईवर उपाय म्हणून मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणविले. त्या गव्हाच्या खुज्या जाती नॉर्मन बोरलॉग यांनी १९४४ नंतर मेक्सिकोत राहून निर्माण केल्या होत्या आणि त्या कामाचे एक ठाणे चापिंगो येथेच होते. ते वाण खानखोजे यांचे नव्हेत; तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या भूमीत त्यांनी वीस-पंचवीस वर्षे बीज पारखले, त्या भूमीचे बीज आपल्या देशाची भूक भागविण्यास आले, हे पाहण्यास ते हयात होते. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६७ मध्ये, नागपूर येथे त्यांचे देहावसान झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगो येथील विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले.

आता वर उल्लेखिलेल्या धाग्याविषयी. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात जी कृषी विद्यापीठे निघाली, ती याच अमेरिकन विद्यालयांच्या धर्तीवर. १९६० चे पंतनगर पहिले आणि १९६४ मध्ये जबलपूर येथे निघालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय पुढचे. या दोन्हींच्या उभारणीस अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे साहाय्य झाले. जबलपूरच्या विश्वविद्यालयातूनच १९८७ मध्ये रायपूरचे वेगळे निघाले. वर्ध्याचा तरुण समुद्र ओलांडून ज्या साच्याचे शिक्षण घेण्यास गेला, त्याच साच्याचे शिक्षण आज रायपूरच्या मुलाला आपल्या घरातून सायकलीने जाऊन मिळते. तेथील धानाच्या वाणांचा संग्रह वीस हजारांहून मोठा आहे. डॉ. रिछारिया यांनी गावोगाव हिंडून जमविलेले हजारो वाण त्यात आहेत. ज्याला रानगवतातून मका दिसला, त्या खानखोजे यांना हा संग्रह पाहून केवढा आनंद झाला असता!

या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना काही काळ खेड्यात शेतकऱ्यांच्या सान्निध्यात राहून काम करावे लागते. ग्रामीण कृषी कार्यानुभव असे त्याचे नाव आहे. पुष्कळ पालकांना ते पदवीच्या वाटेवरील एक सोपस्कार वाटते आणि मुलगी असेल तर काळजीही वाटते. आमची त्यांना नम्र सूचना आहे, की त्या दिवसांकडे त्यांनी वेगळ्या दृष्टीने पाहावे. खानखोजे यांच्या मुक्त कृषिशाळा म्हणजे असाच अनुभव होता. फरक एवढाच, की त्यांनी तो परीक्षेसाठी घेतला नाही आणि परीक्षेबरोबर संपविलाही नाही. नोकरी अवश्य करावी. बँकेत बसलेल्या कृषिपदवीधरानेही कर्ज मागावयास आलेल्या शेतकऱ्याला बियाण्याविषयी दोन शब्द सांगितले, तर त्याची पदवी वाया गेली असे कोण म्हणेल?

क्रांतीसाठी निघालेल्या खानखोजे यांनी पदवी जोडकामासारखी घेतली. क्रांतीचा बेत फसला, पण जोडकाम म्हणून घेतलेली विद्या परक्या देशातल्या गरिबांच्या ताटापर्यंत पोहोचली, कारण ती त्यांनी स्वतःपाशी ठेवली नाही. श्रीमती वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहिले आहे. आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत असावी आणि दरवर्षी कृषी विश्वविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हाती ती आवर्जून द्यावी, एवढी विनंती सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्ही कार्यकारिणीस करतो.